बीजिंग, शिजियाझुआंग, शीआन : पहिल्या चीनवारीचे सात दिवस

चीनला पहिल्यांदा निघालेल्या माणसाला धास्ती असते ती भाषेची. प्रत्यक्षात भाषेवाचून फारसं अडत नाही. भाषांतराचं अ‍ॅप आणि हातवारे यांवर दिवस निघतो. गाडी अडते ती फोनमधून पैसे न गेल्यामुळे, नाहीतर तिकिटावरचं नाव पासपोर्टशी न जुळल्यामुळे. या दोन्ही गोष्टी घरी बसून निस्तरता येतात, तिकडे गेल्यावर मात्र त्या फार जड जातात. म्हणून या सात दिवसांच्या हिशेबात निघण्याआधीचा महिनाही धरायला हवा.

निघण्याआधी

भारतीयांसाठी पर्यटक व्हिसा २४ जुलै २०२५ पासून पुन्हा सुरू झाला. चीनने अनेक देशांना दिलेली २४० तासांची व्हिसामुक्त थांब्याची सवलत भारतीय पासपोर्टला लागू नाही. तिच्याबद्दलचे व्हिडिओ पाहून बेत आखू नये. हाँगकाँगही जोडायचं असेल तर एक मेख आहे. चीनमधून हाँगकाँगला पाऊल टाकलं की तुम्ही चीन सोडला असं धरतात. परत मुख्य भूमीवर यायचं तर व्हिसा दोन प्रवेशांचा लागतो. हाँगकाँगसाठी भारतीयांनी आधी ऑनलाइन नोंदणी करायची असते, ती वेगळीच.

दिवाळीची सुट्टी या प्रवासाला उत्तम. १ ऑक्टोबरपासूनचा आठवडा, मे महिन्याचे पहिले पाच दिवस आणि चिनी नववर्ष या काळात अख्खा चीन घराबाहेर पडतो. गाड्या भरतात, हॉटेलांचे दर दुप्पट होतात आणि चीनच्या भिंतीवर पाय ठेवायला जागा नसते. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात बीजिंगची हवा कोरडी असते, दुपार सुखद आणि सकाळ-संध्याकाळ चांगलीच गार. स्वेटर आणि वारा अडवणारं जाकीट दोन्ही हवं.

आता पैसे. रस्त्यावरच्या रताळेवाल्यापासून राजवाड्यापर्यंत सगळे फोनवर पैसे घेतात, आणि त्यासाठी दोनच अ‍ॅप चालतात : अलीपे आणि वीचॅट. आपलं यूपीआय आणि रुपे तिथे विसरायचं. अलीपेला व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडता येतं. क्रम असा ठेवावा : आधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन कार्डावरचे आंतरराष्ट्रीय ऑनलाइन व्यवहार सुरू करायचे (भारतात ते मुळात बंद असतात), मग भारतीय मोबाइल नंबरवर अलीपेचं खातं उघडायचं, पासपोर्टचा फोटो देऊन ओळख पडताळून घ्यायची, आणि शेवटी कार्ड जोडायचं. ओळख पडताळणीला कधी काही मिनिटं लागतात, कधी एक-दोन दिवस. कार्ड जोडताना ओटीपी भारतीय नंबरवर येतो. तिकडे उतरून हे करू म्हणणाऱ्याचं रोमिंग चालू नसलं की ओटीपी येत नाही, आणि हाती फोन असून खिसा रिकामा.

कार्डं दोन न्यावीत, शक्यतो दोन वेगळ्या बँकांची. चीनमधले सुरुवातीचे दोन-तीन व्यवहार बँकेला संशयास्पद वाटून ती कार्ड थोपवते, असं सर्रास घडतं. प्रीपेड फॉरेक्स कार्ड अलीपेत कधी जोडलं जातं, कधी नाही. त्यावर एकट्यावर भिस्त नको. परदेशी कार्डावरून २०० युआनपर्यंतच्या व्यवहाराला अलीपे जादा आकार घेत नाही, त्यापुढे ३ टक्के घेतं. युआन ढोबळमानाने बारा-तेरा रुपयांचा धरला, तर २०० म्हणजे अडीच हजार रुपये. जेवण, मेट्रो, टॅक्सी हे सगळं त्याच्या आत बसतं.

इंटरनेटची अडचण सगळ्यांना माहीत असते, तिचा सोपा उपाय मात्र माहीत नसतो. गूगल, व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टाग्राम, यूट्यूब तिथल्या नेटवर बंद आहे. पण भारतीय सिमचं आंतरराष्ट्रीय रोमिंग घेतलं, किंवा हाँगकाँग-सिंगापूरमार्गे जाणारं पर्यटकांचं ई-सिम घेतलं, की ही सगळी अ‍ॅप चालतात, कारण तुमचं नेट त्या देशातून फिरून येतं. हॉटेलचं वायफाय लावलंत की पुन्हा बंद. म्हणजे रात्री खोलीत व्हॉट्सअ‍ॅप का चालेना म्हणून डोकं खाजवण्याआधी वायफाय बंद करून पाहावं. गूगलचे नकाशे मात्र चालूनही उपयोगाचे नाहीत. चीनमध्ये नकाशांसाठी वेगळी निर्देशांक-पद्धत सक्तीची असल्याने गूगलवरची खूण काहीशे मीटर सरकलेली दिसते. आयफोनवाल्यांनी अ‍ॅपलचे नकाशे वापरावेत, इतरांनी अ‍ॅमॅप. भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये चिनी भाषेचा ऑफलाइन संच उतरवून ठेवावा.

रेल्वेची तिकिटं १२३०६ या अधिकृत अ‍ॅपवर मिळतात. त्यात इंग्रजी आवृत्ती आहे. विक्री गाडीच्या पंधरा दिवस आधी उघडते, पण पासपोर्टची पडताळणी त्याच्या आधीच आटपून घ्यावी. आपल्याकडच्या नावांचा घोटाळा नेमका इथे होतो. पासपोर्टवर स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र ‘दिलेलं नाव’ या रकान्यात असतं, आडनाव वेगळं. कुणी मधलं नाव गाळतं, कुणी क्रम उलटा लावतो. पासपोर्टच्या पानावर तळाशी ज्या दोन बाणाबाणांच्या ओळी असतात, त्यांत जसं नाव आहे तसंच भरावं, अक्षरही इकडेतिकडे नको. हे जमत नसेल तर ट्रिप डॉट कॉमवर थोडा आकार भरून तिकीट मिळतं. पासपोर्ट नवा केला असेल तर जुन्या क्रमांकावर काढलेलं काहीही चालत नाही.

बॅगेत दुधाचे पदार्थ, ताजी फळं आणि बियाणं नको. विमानतळावर कस्टम ते काढून घेतं. म्हणजे पेढे, तूप, लोणी घरीच. चिवडा, खाकरे, मेतकूट, कोरडी चटणी न्यायला हरकत नाही. फराळाच्या डब्यासोबत अडकित्ता किंवा छोटी सुरी टाकायची सवय असेल तर ती मोडावी. मेट्रोच्या प्रत्येक स्टेशनावर बॅग क्ष-किरणाखालून जाते.

पहिला दिवस : बीजिंगला उतरणं

मुंबईहून जाताना बहुधा मध्ये एक विमान बदलावं लागतं. चीनमधल्याच दुसऱ्या शहरात, म्हणजे ग्वांगझौ किंवा शांघायला बदलत असाल, तर इमिग्रेशन तिथेच होतं आणि बऱ्याचदा सामानही तिथेच उचलून पुन्हा द्यावं लागतं. मध्ये तीन तास तरी हवेत. आगमनाचं कार्ड आता आधी ऑनलाइन भरता येतं. त्यात पहिल्या रात्रीच्या हॉटेलचा पत्ता लागतो. बोटांचे ठसे यंत्रावर घेतले जातात.

बीजिंगला विमानतळ दोन आहेत. कॅपिटल ईशान्येला, डाशिंग दक्षिणेला, आणि दोन्ही एकमेकांपासून लांब. कॅपिटलहून विमानतळ-एक्सप्रेस २५ युआनमध्ये डोंगझिमेन आणि बेइशिनच्याओला सोडते. हॉटेल याच भागात घ्यावं. दोन, पाच आणि तेरा क्रमांकांच्या मेट्रो हाताशी येतात, लामांचं योंगहगोंग मंदिर चालण्याच्या अंतरावर, आणि तिसऱ्या दिवशी भिंतीकडे जायची बसही डोंगझिमेनहूनच सुटते. राजवाड्याशेजारची हॉटेलं महाग आणि रात्री त्या भागात सामसूम.

विमानतळावरच एटीएममधून ५०० ते १००० युआन काढून ठेवावेत. कायद्याने रोख नाकारता येत नाही, पण शंभराची नोट दिली तर सुट्टे नसतात. चहाच्या दुकानात आधी १०-२० च्या नोटा करून घ्याव्यात. अलीपेची पहिली परीक्षाही इथेच घ्यावी, पाण्याची एक बाटली विकत घेऊन. पैसे देण्याच्या दोन रीती आहेत : दुकानदार तुमच्या फोनवरचा कोड टिपतो, किंवा तुम्ही भिंतीवरचा त्याचा कोड टिपून रक्कम घालता. पहिली रीत जवळजवळ नेहमी चालते. दुसऱ्या रीतीत, फेरीवाल्याचा कोड त्याच्या खासगी खात्याचा असला तर परदेशी कार्ड कधीकधी नाकारलं जातं. व्यक्तीला पैसे पाठवणं परदेशी कार्डावर बंद आहे, म्हणून. अशा वेळी रोख कामाला येते. दहा वेळा पुन्हा टिपून काही होत नाही.

मेट्रोसाठी अलीपेमध्ये ‘वाहतूक’ उघडून शहर निवडायचं आणि प्रवासाचा कोड घ्यायचा. हा कोड शहरागणिक वेगळा असतो. शिजियाझुआंगला आणि शीआनला तो पुन्हा घ्यावा लागेल. बीजिंगचं भाडं ३ युआनपासून सुरू होतं. टॅक्सीसाठी अलीपेतच डिडी आहे. गाडीत बसल्यावर चालक फोन नंबरचे शेवटचे चार आकडे विचारतो. स्क्रीनवर दाखवले तरी पुरे.

हॉटेलात पासपोर्ट आणि व्हिसाचं पान टिपून घेतात. ही पोलिसांकडची नोंदणी असते, आणि परदेशी माणसाने ती २४ तासांत केलीच पाहिजे असा कायदा आहे. हॉटेल ती आपसूक करतं. पण ओळखीच्या कुणाकडे उतरणार असाल तर यजमानासोबत जवळच्या पोलीस चौकीत जाऊन ती स्वतः करावी लागते. नोकरीनिमित्त तिकडे असलेल्या मुलाकडे राहायला जाणारे आईवडील हे हमखास विसरतात. अगदी स्वस्त, छोट्या हॉटेलांनी परदेशी पाहुणे घ्यायला हवेत असं सरकारचं सांगणं आहे, तरी काउंटरवरच्या मुलीला परदेशी पासपोर्टची नोंद कशी करायची हे माहीत नसतं आणि ती सरळ नाही म्हणते. थोडी मोठी, साखळी हॉटेलं बरी. अनामत म्हणून शे-दोनशे युआन मागतात, ते निघताना परत मिळतात.

रात्रीचं जेवण हॉटेलजवळच घ्यावं. बहुतेक ठिकाणी टेबलावरचा कोड टिपून ऑर्डर द्यायची असते. मध्येच तो चिनी मोबाइल नंबर मागतो आणि आपण अडकतो. तेव्हा कागदी मेन्यू मागावा, बहुधा कुठेतरी खणात असतो. टीप द्यायची रीत नाही.

दुसरा दिवस : राजवाडा

‘निषिद्ध नगरी’ची, म्हणजे या जुन्या राजवाड्याची, तिकिटं भेटीच्या सात दिवस आधी, बीजिंगच्या रात्री आठला उघडतात. भारतात तेव्हा संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतात. सुट्टीच्या दिवसांत ती काही मिनिटांत संपतात, आणि दारावर खिडकी नाही. एप्रिल ते ऑक्टोबर ६० युआन, नोव्हेंबर ते मार्च ४०. सोमवारी बंद. म्हणून बीजिंगचा मुक्काम आखताना आधी हा दिवस पक्का करावा आणि बाकीचं त्याभोवती बसवावं.

आत जायचं दार एकच, दक्षिणेचं. बाहेर पडायची दारं उत्तरेला आणि पूर्वेला. तिआनआनमेन चौकातून यायचं तर चौकाचीही वेगळी आगाऊ नोंदणी लागते आणि तपासणीच्या रांगेत तास सहज जातो. चौक पाहायचाच असा हट्ट नसेल तर पूर्वेच्या डोंगहुआ दारापाशी येऊन खंदकाच्या कडेने चालत दक्षिण दाराशी पोचावं. रांग लहान असते आणि वाट सुंदर.

१४०६ ते १४२० मध्ये बांधलेला हा वाडा उत्तर-दक्षिण ९६१ मीटर लांब आहे. सगळी गर्दी मधल्या अक्षावरून, तीन मोठ्या महालांच्या दारांतून डोकावत पुढे सरकते. महालांच्या आत जाता येत नाही, आणि दारात डोकी इतकी असतात की सिंहासनाचं दर्शन फोन उंच धरूनच होतं. पंधरा मिनिटं हे सोसून डावी-उजवी धरावी. पूर्वेकडची खजिन्याची आणि घड्याळांची दालनं प्रत्येकी १० युआन जादा घेतात आणि तेवढी मोलाची आहेत. बायकांच्या आणि नोकरवर्गाच्या छोट्या चौकांत खरं राहतं घर दिसतं. चार तास धरावेत, आतलं जेवण यथातथा, त्यामुळे खाकरे इथे काढावेत.

उत्तर दारातून बाहेर पडलं की समोर जिंगशानची टेकडी. एरवी २ युआन तिकीट आणि दहा-पंधरा मिनिटांची चढण. वाड्याचा नकाशा डोक्यात बसतो तो वरून पिवळी छपरं पाहिल्यावरच. दाराबाहेर सायकलरिक्षावाले अगदी थोड्या पैशांत गल्ल्या फिरवून आणतो म्हणतात आणि उतरल्यावर आकडा माणशी, मिनिटांगणिक होतो. बसूच नये. वांगफुजिंगच्या बाजूला इंग्रजीचा सराव करायचाय म्हणून गोड बोलणारी तरुण मुलं चहा प्यायला नेतात आणि बिल हजारांत येतं. हा प्रकार बीजिंग-शांघायला जुना आहे. ‘बू याओ’, म्हणजे नको, एवढं म्हणून चालत राहावं.

शाकाहाराची गोष्ट इथेच सांगितलेली बरी, कारण दुसऱ्या दिवशीच चिवडा संपत येतो. ‘मी शाकाहारी आहे’ हे वाक्य पुरत नाही. शाकाहारी म्हटलं की आचारी मांसाचे तुकडे वगळतो, पण फरसबीच्या भाजीत डुकराचा खिमा चवीपुरता राहतो, भाजी कोंबडीच्या रश्श्यात शिजते, वर कालवांचं सॉस पडतं. म्हणून चिनी लिपीत एक चिठ्ठी फोनमध्ये तयार ठेवावी : मांस, खिमा, मासे, कोळंबी, हाडांचा रस्सा, चरबी, कोंबडीची पूड, कालवांचं सॉस नको, आणि अंडं खात असाल-नसाल तेही. तोंडाने ‘वो छ्र सू’ म्हणायचं आणि चिठ्ठी दाखवायची. मागवण्यासारखे पदार्थ : ‘दी सान श्येन’ म्हणजे बटाटा, वांगं आणि ढोबळी मिरची, ‘सुआन ला तूदौ स्स’ म्हणजे बटाट्याच्या किसाची आंबट-तिखट परतलेली भाजी, आणि अंडं चालत असेल तर टोमॅटो-अंडं. साध्या भाताबरोबर हे तिन्ही पदार्थ आपल्या जिभेला पटतात. मापो टोफू मात्र खिम्याशिवाय सहसा नसतं. कांदा-लसूण न खाणाऱ्यांसाठी बौद्ध शाकाहारी खानावळी हा मोठाच आधार आहे, कारण त्यांच्यातही कांदा-लसूण वर्ज्य असतं. योंगहगोंगच्या आसपास त्या सापडतात.

तिसरा दिवस : भिंत

भिंतीच्या बादालिंग या भागाला वेगवान रेल्वे जाते आणि तिथलं स्टेशन जमिनीखाली १०२ मीटर खोल आहे, हे ऐकून तिकडे जायचा मोह होतो. गर्दीही तिकडेच जाते. पहिल्यांदा जाणाऱ्याने भिंतीचा मुतिआन्यू हा भाग धरावा. शहरापासून साधारण ७० किलोमीटर. डोंगझिमेनहून थेट पर्यटक-बस मिळते, तिची जागा आदल्या दिवशी राखावी. ९१६ क्रमांकाच्या जलद बसने ह्वाय्रौपर्यंत जाऊन तिथून स्थानिक बस पकडणं स्वस्त पडतं, पण ह्वाय्रौच्या आधीच्या थांब्यांवर गणवेशासारखे कपडे घातलेले दलाल बसमध्ये चढून ‘मुतिआन्यू इथेच उतरा’ म्हणतात. ते टॅक्सीवाले असतात. नकाशावर निळा ठिपका बघत बसून राहावं.

प्रवेश ४० युआन, पायथ्याच्या बसचे जाता-येता १५. वर जायला दोन सोयी आहेत आणि त्या दोन वेगळ्या कंपन्यांच्या आहेत, हे तिकीटखिडकीवर कुणी सांगत नाही. बंद डब्यांचा रोपवे चौदाव्या बुरुजावर सोडतो. उघडी खुर्ची सहाव्या बुरुजावर सोडते आणि तिथूनच खाली घसरगुंडी येते. एकीचं परतीचं तिकीट दुसरीवर चालत नाही. एकेरी साधारण १००, दुहेरी १४० युआन. मुलं बरोबर असतील तर खुर्चीने वर, घसरगुंडीने खाली. पावसात घसरगुंडी बंद असते. गुडघे कुरकुरत असतील तर रोपवे, कारण चौदा ते सहा हा उतार दिसायला सोपा असला तरी पायऱ्यांची उंची एकसारखी नाही. काही वीतभर, काही मांडीइतक्या. चौदाहून विसाव्या बुरुजाकडे जाणारा शेवटचा टप्पा खडा आहे. राजगड-तोरणा करणाऱ्याला तो चढ जड नाही, फक्त कठडा धरून चालावं.

सकाळी दहाच्या आत वर पोचलात तर एक तास भिंत जवळजवळ मोकळी मिळते. वर पाण्याची किंमत चढती, सावली फक्त बुरुजांत.

चौथा दिवस : शिजियाझुआंग, डॉ. कोटणीसांच्या स्मारकाकडे

पर्यटकांच्या यादीत हे शहर नसतं. हबेई प्रांताची राजधानी, रेल्वेचं मोठं जंक्शन, दिसायला रुक्ष. पण बीजिंगहून शीआनला जाणाऱ्या बऱ्याच वेगवान गाड्या इथूनच जातात, आणि सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची समाधी इथे आहे. मराठी माणसाने वाट न वाकडी करता अर्धा दिवस उतरावं असं दुसरं ठिकाण चीनमध्ये नाही.

गाडी बीजिंग पश्चिम स्टेशनाहून. बीजिंगला मोठी स्टेशनं अनेक आहेत, बीजिंग दक्षिणला पोचलात तर गाडी गेलीच म्हणून समजा. हॉटेलपासून मेट्रोने तासभर धरावा, आणि गाडीच्या एक तास आधी स्टेशनात शिरावं. कागदी तिकीट नसतं, पासपोर्ट हेच तिकीट. स्वयंचलित फाटक पासपोर्ट वाचत नसेल तर कडेच्या माणसाच्या रांगेत जायचं. फलाटावर आधीपासून जाऊन उभं राहता येत नाही. फाटक गाडी सुटण्याच्या साधारण पंधरा-वीस मिनिटं आधी उघडतं आणि पाच मिनिटं आधी बंद होतं. ते बंद झालं की गाडी समोर उभी असली तरी सोडत नाहीत. दुसऱ्या वर्गात तीन आणि दोन अशी आसनं. ए आणि एफ खिडकीची. ई नावाचं आसनच नसतं, ते शोधत बसू नये. प्रत्येक डब्याच्या टोकाला उकळतं पाणी मिळतं, तेव्हा थर्मास आणि कपात तयार होणारं उपम्याचं पाकीट असेल तर नाश्ता झाला. केसांचे-अंगाचे मोठे स्प्रे सुरक्षा तपासणीत काढून घेतात.

अंतर २८१ किलोमीटर, वेळ सव्वा तासाच्या आसपास. गाडी थांबते दोन-चार मिनिटंच, त्यामुळे आधीच दाराशी यावं. सामान स्टेशनातल्या सामानघरात ठेवावं. तीन क्रमांकाच्या मेट्रोने शिनबाय ग्वांगचांग, तिथे एक क्रमांकाची गाडी पकडून पुढचंच स्थानक ‘लियेश लिंगयुआन’, म्हणजे हुतात्मा स्मारक. उद्यान वरच आहे.

वाट विचारताना ‘कोटणीस’ कुणाला कळत नाही. त्यांचं चिनी नाव ‘क तीहुआ’, ते चिनी लिपीत फोनमध्ये असू द्यावं. नाव दाखवलं की उद्यानातली वयस्क माणसं बोट करून दाखवतात, कधी सोबत चालत येतात. १९३८ मध्ये जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनला मदत म्हणून राष्ट्रीय काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. अटल, नागपूरचे चोळकर, बसू, मुखर्जी आणि मुंबईच्या जी. एस. मेडिकलमधून शिकलेले कोटणीस. बाकीचे परतले, कोटणीस राहिले. बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते प्रमुख झाले, तिथल्याच क्वो छिंगलान या परिचारिकेशी त्यांनी लग्न केलं, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराच्या झटक्याने गेले. ज्यांच्या नावाचं ते रुग्णालय, त्या कॅनडाच्या नॉर्मन बेथ्यूनची समाधीही याच उद्यानात आहे.

फुलं वाहायची असतील तर पांढरी किंवा पिवळी शेवंती न्यावी, तिथे समाधीसाठी तीच रीत. प्रवेश मोफत, पासपोर्ट जवळ हवा. आवाज बेताचा ठेवावा. हे शहीदांचं स्मशान आहे, बाग म्हणून फिरायला येणारे लोकही इथे हळू बोलतात. एप्रिलच्या सुरुवातीला छिंगमिंगच्या पितृस्मरणाच्या दिवसांत शाळांच्या रांगा लागतात. दोन तास पुरतात. तीनच्या सुमाराची शीआनची गाडी धरली तर साधारण चार तासांत, जेवायच्या वेळेला पोचता येतं. दोन तिकिटांमध्ये पाच-सहा तासांचं अंतर ठेवावं. बेत बदललाच तर तिकीट गाडी सुटण्यापूर्वी एकदा बदलून मिळतं, आणि रद्द केलं तर २० टक्क्यांपर्यंत कापतात. जितका उशीर तितकी कपात जास्त.

पाचवा दिवस : मातीचं सैन्य

शीआन उत्तर स्टेशनाहून दोन क्रमांकाची मेट्रो थेट घंटाघरापाशी येते. मुक्काम तिथेच, जुन्या शहराच्या तटाच्या आत.

मातीचं सैन्य, म्हणजे चीनच्या पहिल्या सम्राटाच्या कबरीजवळ पुरलेल्या मातीच्या सैनिकांच्या मूर्ती, शहराच्या पूर्वेला पस्तीस-चाळीस किलोमीटरवर, लिंतोंगला. तिकीट १२० युआन, पासपोर्टवर आगाऊ. जाण्यासाठी मेट्रोने फांगझ्चेंगपर्यंत, तिथून नऊ क्रमांकाच्या मेट्रोने हुआछिंगछ्र, आणि पुढे स्थानिक बस किंवा डिडी. पावणेदोन तास धरा. जुन्या रेल्वे स्टेशनासमोरून ३०६ क्रमांकाची बस जाते, पण तिच्याच रंगात रंगवलेल्या खासगी बस तिथे उभ्या असतात. त्या वाटेत जेडच्या दुकानात आणि सम्राटाच्या कबरीच्या नकली प्रतिकृतीत उतरवतात, आणि तिथलं तिकीट वेगळं. ‘आधी इतर, मग मूळ सैन्य’ असं कुणी सांगू लागलं की उतरावं.

आत पहिल्या खड्ड्याकडे सगळे धावतात. २३० मीटर लांब, ६२ रुंद, एका छपराखाली. आधी तिसरा आणि दुसरा पाहून मग पहिल्यात गेलं तर काय पाहतोय ते कळतं. तिसरा सगळ्यात लहान, सेनापतींचं ठाणं. दुसऱ्यात खोदकाम अर्धवट ठेवलंय, छपराच्या लाकडांच्या लाटा दिसतात. काचेतल्या मूर्ती जवळून पाहता येतात, धनुर्धाऱ्याच्या बुटाच्या तळाचे टाकेसुद्धा. पहिल्याच्या पुढच्या कठड्यावर छातीला छाती लागते, म्हणून बाजूने मागे चालत जावं. तुटलेल्या मूर्ती जिथे जोडतात ती जागा मागे आहे आणि गर्दी तिथे विरळ. मार्च १९७४ मध्ये विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांच्या कुदळीला हे लागलं. ती जागाही खड्ड्यातच खुणेने दाखवलेली आहे.

तिकिटात लीशान उद्यान धरलेलं असतं, आणि तिथे नेणारी बस मोफत. सम्राटाचे ब्राँझचे दोन रथ तिकडच्या संग्रहालयात आहेत. बरेच जण दमून हे सोडतात, आणि ते चुकीचं आहे. अर्ध्या आकाराच्या त्या रथांतली घोड्यांच्या साजाची कारागिरी मूर्तींपेक्षा सरस आहे.

सहावा दिवस : तट आणि मनोरा

सकाळी तट. १३.७ किलोमीटरचा पूर्ण फेरा, बारा मीटर उंच, आणि वर सायकल चालवण्याइतका रुंद. प्रवेश ५४ युआन, सायकल तीन तासांना साधारण ४५ आणि अनामत वेगळी. फरशी खडबडीत आहे, पूर्ण फेऱ्याला दोन तास लागतात. पाठ दुखत असेल तर दक्षिण दार ते पूर्व दार एवढाच भाग करावा.

दुपारी दायान मनोरा, इसवी सन ६५२ चा. शाळेच्या पुस्तकात भेटलेला ह्यू-एन-त्संग, म्हणजे युआन श्वांग, भारतातून ६४५ मध्ये परतला. सोबत आणलेले ग्रंथ ठेवायला हा मनोरा उभारला, आणि शेजारच्या मठात त्यांची भाषांतरं चालली. हाच माणूस पुलकेशीच्या राज्यात महाराष्ट्रातही हिंडला होता. इथले लोक उपकाराला जागणारे आणि अपमान न विसरणारे आहेत, असं त्याने लिहून ठेवलंय. मठाचं तिकीट वेगळं, मनोऱ्यावर चढायचं वेगळं. लाकडी जिना अरुंद आहे आणि वरच्या खिडक्या छोट्या. खालच्या अंगणात बसलात तरी चालेल.

खाण्याच्या बाबतीत शीआन शाकाहाऱ्याला बीजिंगपेक्षा सोपं. ‘ल्यांगपी’ या गार, आंबट-तिखट शेवया आणि ‘योफो म्येन’, म्हणजे वर मिरची-लसूण ठेवून कढत तेल ओतलेल्या रुंद पट्ट्या, दोन्ही मुळात मांसाविना असतात. चिठ्ठी तरी दाखवावीच, काही जण वर खिमा घालतात. हुई मुस्लिमांच्या गल्लीत डुकराचं मांस नसतं, मटण आणि गोमांस सगळीकडे असतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पर्सिमन फळाच्या तळलेल्या गोड पुऱ्या मिळतात. मुख्य रस्ता पर्यटकांचा, बाजूच्या गल्ल्यांत तेच पदार्थ निम्म्या गर्दीत. इसवी सन ७४२ मध्ये स्थापन झालेली मोठी मशीद याच गल्लीत, चिनी देवळाच्या बांधणीची. बाहेरच्या कल्लोळानंतर तिथली अंगणं शांत.

सातवा दिवस : परत

शीआन उत्तरहून चौदा क्रमांकाची मेट्रो विमानतळाला जाते. विमानतळावर २०२५ पासून टी-५ हे नवं टर्मिनल आहे, म्हणून कुठल्या टर्मिनलला उतरायचं ते आदल्या रात्री पाहावं. चीनमधल्या देशांतर्गत विमानात जून २०२५ च्या अखेरीपासून ‘थ्री-सी’ ही चिनी मानक खूण नसलेली पॉवर बँक नेऊ देत नाहीत. भारतात घेतलेल्या बहुतेकांवर ती नसते. शीआनहून ग्वांगझौ किंवा शांघायला जाऊन पुढे भारताचं विमान धरणाऱ्यांची पॉवर बँक इथेच काढून घेतली जाते. महागातली असेल तर घरीच ठेवून चीनमध्ये खूण असलेली घ्यावी. आपले तीन पिनांचे प्लग तिथल्या भोकांत जात नाहीत, दोन गोल पिनांचे बऱ्याच ठिकाणी जातात.

हॉटेलची अनामत परत घेताना ती अलीपेने दिली असेल तर कार्डावर यायला काही दिवस लागतात, पावती जपावी. व्हिसावर लिहिलेले मुक्कामाचे दिवस प्रवेशाच्या दुसऱ्या दिवसापासून मोजतात, व्हिसाच्या अंतिम तारखेशी त्यांचा संबंध नाही. ते ओलांडले तर दिवसाला ५०० युआनपर्यंत दंड. उरलेल्या नोटा विमानतळावर बदलताना दर वाईट मिळतो, तेव्हा शेवटच्या दिवशी चहा, सुका मेवा आणि मेट्रोजवळचं जेवण रोखीनेच उरकावं.